चार युनिट

मन्मथनं दिला हा गेम, जुन्या लॅपटॉपसकट,
स्वतः दहा मिनिटांत कंटाळून.
"मामा, यात मारायचं कुणाला?"
कुणालाच नाही.
"मग पळायचं कशामागं?"
पळायचं बटणच नाही रे.

बर्फातलं एक बंदर. माणसं निघून गेलेली.
मी उदगीरचा. समुद्र पाहिला तो
शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या नकाशात, पोपडे उडालेला.
तरी रात्री जेवण झालं की त्या धक्क्यावर उतरतो
आणि चालतो. पायाखाली करकर वाजतं,
कडब्यावरून चालल्यासारखं.

काल तासाभरात सापडलं:
एक छत्री. एक बशी, विसळून पालथी घातलेली.
एक कुलूप, अंगभर गंज,
पण किल्लीच्या भोकाभोवती लखलखीत.
एवढंच.
घंटा वाजत नाही, गुण मिळत नाहीत.
आपण पाहिलं, हे फक्त आपल्याला माहीत.

मला हे जमतं. अठरा वर्षं दुसरं काय केलं?
चौबाऱ्यापासून किल्ल्याच्या उतारापर्यंत
आठशे बारा मीटर. काचेमागं आकडे,
आकड्यांमागं माणसं.
कुठं लेक बाळंतपणाला आली,
कुठं मागच्या खोलीत गिरणी चालते चोरून,
कोणत्या घरात महिनाभर टीव्ही लागला नाही,
आणि बायको समोर येऊन म्हणते, रीडिंग कमी कसं हो आलं?
मी बोलत नाही. लिहितो, पुढं जातो.

हुरमतबीच्या गल्लीत शेवटचं घर.
ग्राहक: नागरबाई तुकाराम मुसळे.
दाराला कुलूप, मीटर बाहेरच्या भिंतीला.
तीन वर्षं, दर महिन्याला चार युनिट.
ते चार मी लिहीत आलो
पाढे म्हणावेत तसे, आपलाच आवाज न ऐकता.

या गेमनं मला हळू केलं.
आश्विनात एकदा थांबलो तिथं,
पेनानं तळहातावर गणित मांडलं:
पाच वॅट, चोवीस तास, तीस दिवस,
वर जुन्या वायरची थोडी गळती.
झिरोचा बल्ब.
कुणीतरी लावून गेलंय, आणि तो अजून लागलेला आहे.

बिल? काउंटरवरचा म्हणाला, भरतात की, रोख.
कोण?
"बिरादार, मी तोंडं बघत नसतो. सुटे आणतात, एवढं खरं."
हुरमतबी म्हणाली,
"फटीतून हिरवं दिसतंय की रातच्याला.
आमी समजलो पीर बसलाय."

बंदरात एक बाकडं आहे.
त्यावर बसलं तर काहीच होत नाही.
पाच मिनिटं बसलं तरी नाही.
मन्मथ इथंच उठला होता.
त्याच्याही पुढं बसून राहिलं
तर पलीकडच्या खिडकीत पडदा सरकतो, बोटभर.

गुरुवारी ड्यूटी संपल्यावर
समोरच्या ओट्यावर बसलो, चपला काढून.
दिवे लागले. शेरडं परतली. कुणीतरी विचारलं,
"कुणाकडं आलाव?"
कुणाकडं नाही, म्हणालो. खरंच होतं ते.
उंबऱ्याखालून मुंग्यांची रांग बाहेर येत होती,
प्रत्येकीच्या तोंडात साखरेचा कण.
मग मी कुलूप पाहिलं.
अंगभर गंज.
पुढचं लिहीत नाही.

"मामा, कळलं का कोण होतं ते?" मन्मथ विचारतो.
नाही अजून.
"यूट्यूबवर शेवट आहे, लावू?"
नको.

साहेबांची यादी आलीय, कमी वापराची कनेक्शनं तोडायची.
नागरबाईचं नाव सातवं.
आज सकाळी गेलो. काच पुसली बाहीनं.
पुन्हा पुसली.
या महिन्यात नऊ.

नऊ लिहिलं.
पुढच्या घराची कडी हातात होती,
वाजवली नाही लगेच.